दोन्ही बाजूंना चारमिनार

हरकचंदजी गेल्याचं मला बदनापूरच्या स्टेशनावर कळलं. औरंगाबादेकडं जाणारी सकाळची गाडी येऊन थांबली होती. मी डब्यात चढायला पुढं झालो, तेवढ्यात जालन्याहून बसून आलेला एक ओळखीचा माणूस खिडकीतून वाकून म्हणाला, "रामराव, हरकचंदजी गेले." मी विचारलं, "कुठं?" तो खिडकीतून आणखी खाली वाकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "गेले म्हंजे... आज पहाटंच. छातीत कळ आल्ती म्हणत्यात. अकराला नेणार हायेत." मी बरं म्हणालो आणि त्याच डब्यात चढून त्याच्या समोर बसलो. खरं म्हणजे मी फलाट ओलांडून पलीकडं जायला हवं होतं, जालन्याच्या गाडीची वाट पाहायला हवी होती. ते सुचलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. सुचलं होतं, पण पाय उचलला नाही. दिवसभर मी कचेरीत काम केलं. एक जावक पत्र तीन वेळा लिहिलं, आणि तिन्ही वेळा त्यात एकही चूक नव्हती. अकरा वाजले तेव्हा घड्याळाकडं बघितलं, एवढंच. संध्याकाळी घरी सांगितलं तर बायको रडायला लागली, आणि मी तिला चहा मागितला...

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. अजूनही मला नीट रडू आलेलं नाही. लिहायला बसलो आहे ते त्यासाठी नाही. हरकचंदजींबद्दल दोन गोष्टी माणसांना ठाऊक आहेत: एका रुपयापायी त्यांची नोकरी गेली, आणि त्यांच्या घरात खोटी नाणी सापडली. त्यातली पहिली अर्धवट आहे आणि दुसरी चुकीची. पूर्ण ठाऊक असलेल्यांत मी एक आहे, आणि त्यात माझा हात होता.

आमची ओळख तालुक्याच्या कचेरीतली. पोलीस अॅक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण त्याचा पैसा अजून बाजारात फिरत होता. त्याला आम्ही हाली म्हणायचो आणि हिंदुस्थान सरकारच्या रुपयाला कलदार. हाली बंद होणार, आणून बदलून घ्या, अशी दवंडी गावोगाव झाली होती. त्यामुळे आमच्या खजान्यापुढं रोज माणसं बसलेली असायची. कुणी मडक्यात, कुणी धोतराच्या सोग्यात चांदीचे रुपये बांधून आणलेले. मी तिथं कारकून होतो, तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातला, तिशीला आलेला, दोन पोरींचा बाप. आणि हरकचंदजी खजान्याचे पारखी. त्यांचं घराणं मारवाडातून आलेलं, पण पाच पिढ्या जालन्यात गेलेल्या. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि समोर काळ्या दगडाची एक फरशी. त्या फरशीवर रुपया टाकायचा, नाद ऐकायचा, बोटांत धरून एकदा फिरवायचा आणि डावीकडं किंवा उजवीकडं सारायचा. डावीकडं खरा, उजवीकडं खोटा. मी शेजारी बसून लिहायचो. सहा महिन्यांत माझेही कान तयार झाले. खोटा रुपया फरशीवर पडला की न बघता मला कळायचं.

त्यांना एक नाद होता. खरं पण चुकलेलं नाणं दिसलं की ते स्वतःच्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं खजान्यात टाकायचे आणि ते चुकलेलं घरी न्यायचे. एका बाजूनं कोरी राहिलेली पै, फूल सरकून पार कडेला गेलेला आणा, अर्धचंद्रासारखा कापला गेलेला पैसा... एका पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकाला वेगळी चिंधी गुंडाळून ठेवलेली. एका रविवारी त्यांच्या घरी त्यांनी मला तो डबा उघडून दाखवला. मी म्हणालो, "याचं काय करायचं हरकचंदजी? बाजारात कुणी घेणार न्हाई." त्यावर ते म्हणाले, "रामराव, दिवसाला हजार नाणी हातातून जातात. सगळी बिलकुल सारखी. असं एखादं आलं की वाटतं, तिथं कुणी माणूस होता. त्याचं ध्यान सुटलं, घरी पोरगं आजारी असंल, न्हाई तर भूक लागली असंल..." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला तेव्हा ते थोडं विचित्रच वाटलं होतं.

गयाबाई आली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. बदनापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली सुईण, साठीच्या पुढची, अंगानं काटक. तिच्याजवळ चांदीचे दहा-बारा रुपये होते. मुलगा झाला की चांगल्या घरात सुइणीला रुपया द्यायचे, ते तिनं जमवलेले. हरकचंदजी एकेक वाजवत गेले. मधेच एक रुपया वाजवून त्यांनी उलटा केला, आणि परत उलटा केला. मग माझ्यापुढं धरला. एका बाजूला नेहमीसारखा चारमिनार, वर उठलेला. दुसऱ्या बाजूला अक्षरं असायला हवी होती, तिथंही चारमिनारच होता, पण आत खचलेला आणि आरशातल्यासारखा उलटा, ओल्या मातीत पाऊल उमटावं तसा. गयाबाई पुढं सरकून म्हणाली, "तो चुकून आला गं बाई. तो द्यायचा न्हाई. बाळंतिणीच्या मुठीत ठेवते मी तो, कळा येऊन राह्यल्या की. तेवढा वापस द्या." हरकचंदजी हसले. इतके मनापासून हसताना मी त्यांना कचेरीत कधी पाहिलं नव्हतं. "मावशी, हा असा मी जिंदगीत पाहिला न्हाई," ते म्हणाले. आणि नेमके त्याच वेळी साहेब मागं येऊन उभे राहिले.

साहेब नव्या राज्याबरोबर बाहेरच्या प्रांतातून आलेले. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता. आमच्या कचेरीतलं सगळंच जुन्या राज्याचं, म्हणून सगळ्यावरच त्यांचा संशय, इतकंच. त्यांनी रुपया हातात घेतला आणि म्हणाले, "हे बनावट आहे. कापा." खोटं ठरलेलं नाणं तिथल्या तिथं कातरीनं दोन तुकडे करायचं, असा रिवाज होता. हरकचंदजी उठून उभे राहिले. "साहेब, हा खोटा न्हाई, चुकलेला आहे. चांदी बराबर, वजन बराबर, नाद बराबर."

"सरकारची टांकसाळ चुकत नसते."

"माणसंच चालवतात ना साहेब..."

मग त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. वर एक साचा, खाली एक साचा, मधे चांदीची कोरी चकती. दाब पडला की रुपया तयार. पण एखादा रुपया वरच्या साच्यालाच चिकटून राहिला, निघाला नाही, आणि खाली दुसरी चकती आली, तर तिच्यावर साचा नाही, त्या चिकटलेल्या रुपयाचंच तोंड दाबलं जातं. म्हणून ते आत गेलेलं, म्हणून उलटं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा हरकचंदजींनी पाकिटांना मोहर लावायची लाख मेणबत्तीवर वितळवली, कागदावर ओतली, आणि एक चांगला रुपया तिच्यावर दाबून उचलला. लाखेत चारमिनार उमटला होता, आत खचलेला, उलटा. अगदी गयाबाईच्या रुपयासारखा. "हे पाहा साहेब," ते आनंदानं म्हणाले.

साहेबांनी बराच वेळ त्या लाखेकडं पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे असा साचा कुणालाही करता येतो. तुम्हालाही."

 हरकचंदजींच्या हातात तो रुपया तसाच होता. बोटांना लाख लागलेली. शेवटी ते हळू म्हणाले, "खोटं पाडणारा माणूस असलं कशाला करंल साहेब? त्याला तर ते चालवायचं असतं. जे कुणी घेणारच न्हाई, ते कोण खोटं करतो?" मला तर ते ऐकताच पटलं. साहेब म्हणाले, "मला कायदा शिकवू नका. कापा." आणि हरकचंदजी म्हणाले, "मी कापणार न्हाई. टांकसाळीला पाठवा. ते खोटं म्हणले तर मी माझ्या हातानं कापीन."

रुपया पाठवला गेला. पण गयाबाईला शिपायानं चौकीवर नेलं. दोन दिवस ती चौकीच्या ओसरीत बसून होती. तिच्या गावाहून एक माणूस धावत आला, घरी बायको अडली होती, तो हवालदाराच्या पाया पडला, पण वरून हुकूम नाही म्हणून तिला सोडलं नाही. बाई दुसऱ्या कुणाच्या हातून मोकळी झाली, मूलही जगलं. पण त्या घरानं गयाबाईला पुन्हा बोलावलं नाही. पोलिसात बसून आलेली बाई, म्हणून. पुढं आणखीही घरांनी बोलवायचं सोडलं. तिसऱ्या दिवशी हरकचंदजी जामीन राहिले तेव्हा ती सुटली. आणि ते जामीन राहिले, म्हणूनच साहेबांचा संशय पक्का झाला.

त्यांच्या घराची झडती झाली. तो पत्र्याचा डबा सापडला. चिंध्यांत गुंडाळलेली वीसेक नाणी, एकही धड नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती कशी दिसली असतील ते मला आजही कळतं. खोटं पाडायचा कुणी सराव करून राह्यला आणि जमलं नाही ते ठेवून दिलं, असंच कुणालाही वाटलं असतं. हरकचंदजी कामावरून तात्पुरते कमी झाले. आणि साहेबांनी हुकूम काढला की डब्यातली नाणी बनावट समजून कापावीत, टांकसाळीच्या उत्तराची गरज नाही.

पारखी नव्हता. कातर माझ्या हातात आली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी त्यातलं प्रत्येक नाणं आधी फरशीवर टाकलं होतं. का टाकलं, माहीत नाही, रोजची सवय. प्रत्येक खणखणीत वाजलं. साहेब बाजूला उभे होते, त्यांनीही ऐकलं असेल, पण त्यांना त्यातलं कळत नव्हतं. मला कळत होतं. मी म्हणू शकलो असतो... दोन पोरी होत्या, बाप शेतावर थकलेला होता, हे सगळं खरं. पण त्या वेळी मी त्यातलं काहीच मनात आणलं नव्हतं. मी फक्त कातर उघडली आणि दाबली. पंचनाम्यावर सही हवी म्हणून हरकचंदजींना समोर उभं केलं होतं. चौथं की पाचवं नाणं असेल, जाड होतं, कातर घसरली. तेव्हा ते इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "रामराव, हात सांभाळा."

सगळी नाणी कापून झाल्यावर मी तुकडे कागदात बांधले, वर मोहर लावली आणि खाली लिहिलं, 'बनावट नाणी, कापली.' अक्षर छान आलं होतं.

टांकसाळीचं उत्तर यायला वर्षाहून जास्त काळ गेला. रुपया न कापता परत आला, आणि सोबत पत्र. ते मीच उघडलं, म्हणून शब्द अजून लक्षात आहेत. धातू योग्य आहे, वजन योग्य आहे, ठसा टांकसाळीच्या साच्याशी जुळतो. मात्र असं नाणं तपासणीतून बाहेर जाणं संभवत नाही, सबब ते अस्सल असल्याचा दाखला देता येत नाही. बनावट असल्याचंही म्हणता येत नाही. ज्याचं त्यास परत द्यावं... इतकंच होतं. ज्या चुकीनं एका माणसाची नोकरी खाल्ली, ती झाली असं कुणी म्हणत नव्हतं आणि झाली नाही असंही म्हणत नव्हतं. त्या पत्रावर चौकशी बंद झाली. हरकचंदजींना कामावर यायला सांगितलं, पण खजान्यात नाही, दुसऱ्या टेबलावर. त्यांनी राजीनामा पाठवला आणि जालन्यात थोरल्या भावाच्या सरकीच्या दुकानात बसायला लागले.

गयाबाईचा रुपया मात्र ते स्वतः घेऊन गेले. मी नको म्हणालो, शिपाई पाठवू म्हणालो, पण ऐकलं नाही. मंग मीही सोबत गेल्तो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. हरकचंदजींनी रुपया तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. आधी विचारलं, "खरा ठरला का बाबा?"

"खोटा न्हाई ठरला, मावशी."

"मंग खरा?"

त्यांनी रुपया पुढं धरलेलाच ठेवला.  ती थोडा वेळ आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग रुपया घेऊन पदराला गाठ मारली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. परतताना आम्ही अर्धा रस्ता चालून आलो. मी म्हणणार होतो, हरकचंदजी, त्या दिवशी माझं चुकलं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "यंदा जवारी चांगली दिसून राह्यली." मी म्हणालो, "हां, चांगली आहे." पुढच्या सात-आठ वर्षांत ती वेळ पुन्हा कधी आली नाही, किंवा मी येऊ दिली नाही.

आमचं जाणं-येणं सुरू राहिलं. त्यांनी कधी तो विषय काढला नाही, कधी टोमणा मारला नाही. माझ्या पोरीच्या लग्नाला आले, वरातीत चालले. खरं सांगायचं तर ते बोलले असते, चार माणसांत अपमान केला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या साधेपणामुळं मला दरवेळी त्यांच्या दारात पाऊल ठेवायला जड जायचं. आमची शेवटची भेट या पावसाळ्यातली. नव्या मराठी राज्याची मिठाई वाटून झाली होती, लोक अजून त्याच गप्पा करत होते. बदनापूरच्या किराणा दुकानात मला एक नवा पैसा मिळाला होता. ठसा निम्मा बाहेर सरकलेला, सिंहांची मुंडकी अर्धी गायब. मी तो मुद्दाम रुमालात बांधून जालन्याला नेला. मनात काय होतं ते कळायला हुशार माणूस लागत नाही. एक कापलेलं परत करावं, असं काहीतरी असेल. त्यांनी तो पैसा चष्म्याजवळ धरला, बोटांत एकदा फिरवला. मी वाट बघत होतो. त्यांनी तो माझ्या तळहातावर परत ठेवला आणि माझी बोटं वरून मिटवली. "खर्च करून टाका, रामराव," ते म्हणाले, "चालतो." मग गिऱ्हाइकाला सरकीचा भाव सांगू लागले.

तेरा दिवस झाल्यावर मी जालन्याला गेलो. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पडद्याआडून नेहमी दोन शब्द बोलायच्या, त्या दिवशी मात्र पदर ओढून समोर येऊन बसल्या. त्यांनी काही मागावं असं मला वाटत होतं, म्हणजे देता आलं असतं. त्या म्हणाल्या, "रामरावजी, त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात एक ओळ लिहिलेली आहे म्हणे. ते एकदा झोपेत बडबडले होते, तेव्हापासून मला माहीत आहे. तेवढी खोडून आणता का? दुसरं काही नको."

ती ओळ मला माहीत होती. 'बनावट नाण्यांबाबत संशय, दोष सिद्ध नाही.' जुनी दप्तरं आता जिल्ह्याच्या कचेरीत आहेत. मी रीतसर अर्ज केला, परवानगी मिळवली. तिथले दप्तरदार जुन्या वेळचे, अर्धे कागद उर्दूतले म्हणून त्यांना अजून ठेवलेलं. त्यांनी ते पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि म्हणाले, "काटने का हुकूम नै, साहब. लिखा सो लिखा. नीचे लिखना हुआ तो लिखो, मगर दस्तखत आपकी." मी विचारलं, "काही पण लिहू?" ते म्हणाले, "जो सच है वो."

मी खाली लिहिलं: 'सदर डब्यातील नाणी टांकसाळीचीच होती. कापण्यापूर्वी प्रत्येकाचा नाद मी स्वतः ऐकला होता. तरीही मी ती बनावट म्हणून कापली व तसे लिहिले. हरकचंदजी सांगत होते ते बरोबर होते.' खाली नाव, हुद्दा, तारीख. मी आज अव्वल कारकून आहे, त्या ओळींचा उद्या कुणी काय अर्थ लावेल ते लावो. दप्तरदारांनी वाचलं, वर वाळू टाकली, झटकली आणि पुस्तक बंद केलं. बाहेर आलो तर काही वेगळं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. ऊन तेवढंच होतं.

परवा जालन्याला जाऊन भाभींना सांगितलं. ओळ खोडता आली नाही, खाली लिहिलं. त्यांनी विचारलं, "काय लिहिलं?" मी पाठ म्हणावं तसं सांगितलं, कातरीचंही. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना ते आधीच ठाऊक असावं. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं.  बैठकीतली गादी तशीच होती, लोडाला एका बाजूनं हरकचंदजींच्या कोपराचा खड्डा. त्या खोलीला पश्चिमेला खिडकी नाही. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून हरकचंदजी रोज या सुमाराला गादीवरून आत विचारायचे, दिवस किती राहिला? आणि माजघरातून वहिनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, परसदारी बघून सांगायच्या.

आम्ही बसलो होतो तेव्हा कुणीच काही विचारलं नव्हतं. आतून वहिनींचा आवाज आला, "घटकाभर हाय अजून."

भाभी उठल्या आणि ताटं मांडायला आत गेल्या.